भानुदासभाऊंनी घरी सांगितलं

वेरूळच्या लेण्यांत मी एकोणतीस वर्षं गाईड म्हणून काम केलं. त्यातली बरीचशी वर्षं भानुदास औताडे यांच्या हाताखाली गेली. हाताखाली असं मी म्हणतो. ते स्वतः 'बरोबरीनं' म्हणायचे. आम्ही दोघंही शहरात बेगमपुऱ्यात राहायचो, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. सकाळी सातच्या बसला एकत्र चढायचो आणि संध्याकाळी खुलताबादचा घाट उतरून एकत्र परत यायचो. माझी विशी नुकतीच सरली होती, ते चाळिशी ओलांडलेले. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला नुसतं रफिक म्हणत, पण त्या 'रफिक'मध्ये इतका खर्ज असे की दोन लेण्यांपलीकडून हाक मारली तरी ऐकू येई.

आम्ही तेव्हा आठ-दहा गाईड होतो आणि प्रत्येकाची आपापली तऱ्हा होती. कोणी पुराणं रंगवून सांगायचा, कोणी मूर्तीच्या तुटलेल्या हातापायांवरून पाहुण्यांना रडवायचा. भानुदासभाऊंची तऱ्हा अशी की ते सुरुवातीला काही बोलतच नसत. कैलास लेण्याच्या अंगणात माणसं नेऊन उभी करायची आणि म्हणायचं, "आधी बघून घ्या. तुमचं बघून झालं की मी बोलतो." पैसे मोजून गाईड केलेली माणसं गोंधळून जायची. मग हळूहळू त्यांच्या माना वर व्हायच्या, पोरं आपोआप गप्प व्हायची. त्यानंतर भाऊ बोलायला लागले की कोणाची बोलायची छाती व्हायची नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे खोटं सांगायचं नाही. आमच्या धंद्यात हे सोपं नाही. पाहुण्याला चटपटीत काहीतरी हवं असतं. "इथून दौलताबादच्या किल्ल्यात भुयार निघतं म्हणे?" असं दर चौथा माणूस विचारायचा. बाकीचे गाईड आवाज खाली आणून भुयाराचं तोंडसुद्धा दाखवायचे. भाऊ म्हणायचे, "असेल तर मला अजून सापडलेलं नाही." ज्याचं उत्तर येत नसे असा प्रश्न ते खिशातल्या वहीत टिपून घेत, आणि कोणी प्राध्यापक आला की त्याला गाठून विचारत. विचारताना त्यांना लाज म्हणून वाटत नसे.

मी नवा होतो तेव्हा एका मोठ्या ग्रुपसमोर मी एका मूर्तीची कथा जागच्या जागी रचून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ मागं उभे होते. परतीच्या बसमध्ये घाटाच्या वळणावर म्हणाले, "रफिक, तू सांगितलंस ते छान होतं. खरं नव्हतं." एवढंच. त्यानंतर मी पुन्हा काही रचलं नाही.

अशा माणसानं दोन महिने घरात खोटं सांगितलं. ते का सांगितलं आणि त्यातून ते कसे बाहेर आले, हे मला लिहून ठेवायचं आहे.

ते दिवाळीनंतरचे दिवस होते. आमच्या कामाचा भर तेव्हाच असतो. कोल्हापूरकडच्या शिक्षकांचा एक ग्रुप भाऊंकडे होता. मी शेजारीच एका कुटुंबाला घेऊन होतो. भाऊंनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना अंगणात उभं केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माणसं बघून मोकळी झाली आणि भाऊंकडे बघायला लागली. भाऊ हत्तीच्या शिल्पाकडे बघत उभे. शेवटी एक बाई म्हणाल्या, "झालं हो आमचं बघून." भाऊंनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मी माझ्या पाहुण्यांना थांबवलं, पुढं झालो, "आजचं मी सांगतो, सरांचा घसा बसलाय," असं म्हणून वेळ मारून नेली.

दुपारी लिंबाखाली डबा उघडला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"घसा बसला नव्हता रे," ते म्हणाले. "शब्द आहेत सगळे. उचलवत नाहीत."

मला वाटलं, थकलेत. चार दिवस सुट्टी घ्या म्हणालो. पण ते रोज यायचे. बोलायचे, पण पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखं. डबा तसाच परत जायचा. शर्ट अंगावर लोंबायला लागला. बसमध्ये मी काही विचारलं की उत्तर खुलताबाद गेल्यावर यायचं.

मग एक दिवस असं झालं. कैलास लेण्याच्या बाजूनं डोंगरावर जायला पायवाट आहे, वरून सगळं देऊळ खाली दिसतं. पाहुण्यांना घेऊन आम्ही नेहमी जायचो. त्या दुपारी भाऊ एकटेच वर गेले. मी खालून बघितलं, ते कडेला उभे होते. मला का कोणास ठाऊक, बरं वाटलं नाही. मी पायवाटेला लागलो तर तेच समोरून उतरत येत होते. घामानं चिंब. माझ्या दंडाला त्यांनी घट्ट धरलं.

"रफिक, वर उभा होतो तेव्हा मनात आलं ते चांगलं नव्हतं. म्हणून खाली आलो. आता मला एकटं सोडू नको."

मी त्यांना सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, मंगळवारी लेणी बंद. समर्थनगरात मनाच्या आजाराचे एक डॉक्टर आहेत, हे माझ्या एका दोस्तामुळे मला माहीत होतं. सकाळी आठ वाजता आम्ही दोघं तिथल्या बाकावर जाऊन बसलो. बाकावर बसलेली निम्मी माणसं रुमालात तोंड लपवून होती. भाऊंनी रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि परत खिशात ठेवला. त्या अवस्थेतही त्यांनी तोंड झाकलं नाही, हे माझ्या लक्षात राहिलं आहे.

डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं. उदासीपणाचा आजार आहे, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो, पण वेळ लागेल, असं सांगितलं. शेवटी विचारलं, "घरी कोणाला माहीत आहे?"

"नाही."

"गोळ्या मी देतो. पण हे घरात कोणाला तरी सांगा. तुमच्याबरोबर दिवसाचे चोवीस तास मी नसणार."

भाऊ हो म्हणाले आणि घरी जाऊन बायकोला म्हणाले, "पित्ताच्या गोळ्या आहेत."

मी त्यांच्यावर चिडलो. म्हणालो, "भाऊ, परक्या माणसाला भुयार नाही म्हणून तोंडावर सांगता आणि वहिनींना पित्त सांगता?"

ते म्हणाले, "बाहेरच्यांना खरं सांगायला काय लागतं? ते संध्याकाळच्या गाडीनं जातात. घरचे राहतात."



दोन महिने असेच गेले. गोळ्यांनी थोडा उतार पडला होता, पण लपवण्याचा एक वेगळा ताण त्यांच्यावर बसला होता. गोळ्या कपाटातल्या कपड्यांखाली, डॉक्टरांकडे जायचं तर 'रफिककडे काम आहे' म्हणायचं. आणि एका सकाळी शकूवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, आमच्या दारात उभ्या राहिल्या. माझ्या अम्मीनं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

"रफिकभाऊ, तुम्हाला तुमच्या अम्मीची शपथ. खरं सांगा. ह्यांला कॅन्सर हाय का?"

मी उडालोच. त्यांनी गोळीचं रिकामं पाकीट मुठीतून काढलं. औषधाच्या दुकानात दाखवलं होतं म्हणे. दुकानदार म्हणाला, ह्या पित्ताच्या नाहीत, कशाच्या ते डॉक्टरांनाच विचारा. तेव्हापासून वहिनींनी जे गृहीत धरलं होतं ते त्यांच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

"कॅन्सर नाही, वहिनी. एवढं मी सांगतो. बाकीचं भाऊ सांगतील. आजच सांगतील."

मी तसाच निघालो आणि भाऊंना बस स्टँडवर गाठलं. त्या दिवशी आम्ही दोघंही कामावर गेलो नाही. ते म्हणाले, "तू बस बरोबर. तू नुसता बस. बोलायचं माझं मी बोलतो."

त्यांच्या घराची बाहेरची खोली छोटी होती. वहिनी जमिनीवर, भाऊ खाटेवर, मी दाराशी. मोठी मुलगी मंदा तेव्हा दहावीत होती. ती पुस्तक घेऊन आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. तिला कोणी जा म्हणालं नाही.

"शकू, त्या गोळ्या पित्ताच्या नाहीत."

"ठावं हाय मला."

"मनाच्या डॉक्टरच्या आहेत. दिवाळीपासून मला काहीच गोड लागत नाही. सकाळी अंथरुणातून उठवत नाही. तू वाढतेस ते मातीसारखं लागतं. तुझं काही चुकलं नाही. पोरांचंही नाही. हा आजार आहे, आणि डॉक्टर म्हणतात की बरा होतो."

"म्हणजे कॅन्सर नाय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

वहिनींनी पदर तोंडात धरला आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग एकदम थांबल्या आणि असा काही राग त्यांना आला की मी दाराबाहेर सरकलो.

"दोन महिने! दोन महिने मी मनातल्या मनात कपाळ पांढरं करून हिंडले! पोरांची तोंडं बघून रडले! एवढं सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला? सगळ्या जगाला सांगता की इतका वेळ उभं राहून! आन हे रफिकभाऊला ठावं, आन मला नाय!"

भाऊ मान खाली घालून ऐकत होते. पण मी त्यांचा चेहरा बघत होतो. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो सैल झाला होता.

उंबऱ्यावरून मंदा म्हणाली, "आप्पा, तुम्ही वेडे होणार का?"

एखाद्यानं तिला दटावलं असतं. भाऊंनी वर बघितलं. "हेच मी डॉक्टरांना विचारलं, मंदे. ते म्हणाले, नाही."

"मग ठीकय," ती म्हणाली आणि आत जाऊन वाचायला बसली.

डोंगरावरची गोष्ट त्यांनी त्या दिवशी काढली नाही. ती वहिनींना त्याच रात्री, दोघंच असताना सांगितली असावी. कारण दुसऱ्या दिवसापासून महिनाभर वहिनी आमच्याबरोबर सातच्या बसला असायच्या. धाकट्या भावाला शाळेत सोडायचं काम मंदाकडे. वहिनी लिंबाखाली सतरंजीवर बसायच्या, मेथीच्या जुड्या निवडायच्या, आणि डोंगराच्या वाटेवर एक डोळा ठेवायच्या. दुपारी भाऊंच्या समोर बसून भाकरी संपवून घ्यायच्या. बाकीचे गाईड आधी हसले. मग त्यांनाही वहिनींच्या ठेच्याची सवय लागली.

घरात सांगून झालं तरी अर्धंच झालं होतं. भाऊंचं मूळ गाव देवगाव रंगारी. तिथं त्यांची माय आणि थोरले भाऊ रंगनाथदादा शेती सांभाळून होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादांचा शब्द घरात शेवटचा. भाऊ म्हणाले, "सांगायचं तर दादाला पण सांगायचं. उद्या मला काही झालं तर शकूनं एकटीनं कोणाकोणाला तोंड द्यायचं?"

एका मंगळवारी वेरूळच्या फाट्यावरून जीपनं आम्ही गेलो. शेतातल्या घराच्या ओट्यावर माय भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. दादांनी मला पाणी दिलं, चहा सांगितला. भाऊंनी चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं. आता त्यांना सराव झाला होता; आवाज नीट लागला होता.

दादा ऐकताना उठून उभे राहिले. "भान्या, सांगितलंस ते सांगितलंस. आता हे हितंच ठिव. मंदी उजवायची हाय दोन-चार सालात. औताड्याच्या घरात येड हाय म्हणलं तर कोण पोरगी करील?"

"वेड नाही, दादा."

"लोकायला काय फरक कळतो व्हय?"

माय इतका वेळ शेंगाच फोडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"येड नाय ते," ती म्हणाली. "तुमच्या बापाला बी झालं व्हतं."

दोघं भाऊ एकदमच तिच्याकडे वळले.

"निजामाचं राज गेलं, त्या पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या सालाला. सगळं निवलं व्हतं. गाव परत भरलं व्हतं, पेरण्या झाल्या व्हत्या. आन मंग ह्यो माणूस गप झाला. गोठ्यात बसायचा, बैलाकडं बघत. जेव म्हणलं का जेवायचा, ऊठ म्हणलं का उठायचा. दोन पावसाळे असे काढले."

दादा म्हणाले, "आबाला तर कावीळ झाली व्हती तवा."

"कावीळ नव्हती. सासूबाई म्हणल्या, कावीळ म्हणून सांग. म्या सांगितलं. तुला बी तेच सांगितलं."

तिनं हातातली शेंग सुपात टाकली. मग भाऊंकडे वळून म्हणाली, "म्या त्याला कधी इचारलं नाय, काय व्हतंय म्हणून. भ्या वाटायचं. मरेस्तोवर इचारलं नाय. तू आपण होऊन सांगितलंस, लई बरं केलंस." आणि लगेच, "गोळ्या हायत का आता त्याच्यावर?"

"आहेत."

"मंग खा की."

रंगनाथदादा शेताकडे निघून गेले. आम्ही निघेपर्यंत परत आले नाहीत. जीपमध्ये भाऊ म्हणाले, "आबांना मी नेहमी रागीट समजत होतो. ते रागावलेले नव्हते रे." पुढं वेरूळ येईपर्यंत ते बोलले नाहीत, पण ते गप्प बसणं मला आता ओळखू यायला लागलं होतं. ते आजाराचं नव्हतं.

उन्हाळा लागेपर्यंत आवाज परत आला. चैत्रात एका शाळेच्या सहलीसमोर मी त्यांना बोलताना ऐकलं, आणि माझ्या ग्रुपला सांगता सांगता मीच थांबून ऐकत राहिलो.

बरं वाटल्यावर त्यांनी ते लपवलं नाही. पाटी लावून हिंडले असंही नाही. कोणी विचारलं की सांगायचे, बस. पण अशी गोष्ट पसरते. हळूहळू माणसं त्यांना बाजूला घेऊ लागली. हॉटेलवाला, एक फोटोग्राफर, एकदा तर कन्नडचा एक फौजदार. भाऊ प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे आणि आधी एकच विचारायचे, "घरात कोणाला सांगितलंय?" नाही म्हटलं की म्हणायचे, "सगळ्यांना एकदम सांगू नका. घरात जो मधेच बोलत नाही, त्याला आधी सांगा. उपदेश करणाऱ्याला शेवटी. आणि डॉक्टरकडे एकटं जाऊ नका."

हे माझ्याही घरात उपयोगी पडलं. माझी धाकटी बहीण नसरीन पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. बाळ झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, बाळाला घ्यायची नाही. अम्मी नजर उतरवून दमली. अब्बांनी फर्मान काढलं की घरातली गोष्ट बाहेर जाता कामा नये, सासरच्यांना तर मुळीच नाही. माझी अब्बांसमोर बोलायची हिंमत नव्हती. भाऊ बाळाला झबलं घेऊन आले, सरळ अब्बांच्या शेजारी बसले.

"क्या बोलूं भाई," अब्बा शेवटी म्हणाले. "बच्ची अपने बच्चे को हात नै लगारी."

"उसको पूछे क्या, क्या होरा करके?"

"उसमें क्या पूछना?"

"येईच पूछना, चचा. मेरेकू कोई पूछता तो मैं दो महिने पहलेच बोल देता."

अब्बा उठले. आतल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. बाहेर आम्ही बसून होतो. सुरुवातीला आतून काही ऐकू आलं नाही, मग नसरीनचा आवाज, आणि मग तो थांबेचना. अब्बा बाहेर आले तेव्हा त्यांची दाढी ओली होती. मंगळवारी ते स्वतः तिला समर्थनगरात घेऊन गेले. आज तिचा तो मुलगा अब्बांपेक्षा उंच आहे.

इतकं सगळं असूनही भाऊंच्या हातून एक चूक झाली, आणि तीसुद्धा खरं बोलण्याच्या भरात. मंदाचं डी.एड. झालं, कन्नडचं एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं. पाहुणे बघायला आले, पोहे झाले, हसणं-बोलणं झालं. रंगनाथदादांनी आदल्या दिवशी येऊन बजावलं होतं, तो विषय काढायचा नाही. पाहुणे उठायला आले आणि भाऊ म्हणाले, "एक सांगायचं राहिलं." त्यांनी आजार, गोळ्या, सगळं सांगितलं. पाहुण्यांनी मान डोलावली, चांगलं बोलले, आणि तीन आठवड्यांनी पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप आला.

मंदानं बापाशी बोलणं टाकलं. रागावून नाही, नुसतं टाकलं. जेवायला वाढायची, इस्त्रीचे कपडे ठेवायची, पण शब्द नाही. भाऊ माझ्याकडे येऊन म्हणाले, "मी खोटं बोलायला पाहिजे होतं का?"

मी म्हणालो, "खोटं नाही भाऊ. पण ती गोष्ट सांगायच्या आधी तिला विचारलं होतं का?"

ते चमकले. आयुष्यात ज्याला त्याला प्रश्न विचारणारा माणूस, आणि पोरीला विचारायचं राहून गेलं होतं.

पुढचं मला मंदानंच नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी ते तिच्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "आजार माझा आहे, पण त्या दिवशी लग्न तुझं होतं. तुला न विचारता बोललो. चुकलं." ती म्हणाली, "आप्पा, लपवा असं मी कधीच म्हटलं नसतं. पण मला सांगू द्यायचं होतं. मी नीट सांगितलं असतं." त्यावर भाऊ म्हणाले, "मग पुढच्या वेळी तू सांग. मी गप्प बसतो."

आणि ते बसले. पुढचं स्थळ जालन्याचं होतं. मंदानं मुलाशी बोलायला वेळ मागून घेतला आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. मुलानं विचारलं, "गोळ्या वेळेवर घेतात ना?" ती म्हणाली, "माझी आईच देते." "मग झालं," तो म्हणाला. "माझ्या काकांना कोणी देतच नाही." लग्नात भाऊंनी जालन्याच्या त्या काकांना शोधून काढलं आणि पंगतीत शेजारी बसवून घेतलं. काय बोलले ते त्यांनाच माहीत.

भाऊंचा आजार पुन्हा दोनदा आला. दोन्ही वेळा त्यांनी पहिल्याच आठवड्यात वहिनींना सांगितलं, "शकू, पुन्हा चव जायला लागली." दोन्ही वेळा तो लवकर ओसरला. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी लेण्यांचं काम सोडलं. काही वर्षांनी एका सकाळी चहा घेता घेता हृदय थांबून गेले. मी तेव्हा नागपूरला मुलीकडे होतो, मातीला पोचलो नाही. त्याच्या वर्षभर आधी मी त्यांना बघितलं होतं तेच माझ्याजवळ आहे.

मध्यवर्ती बस स्टँडवर मी कोणाला तरी सोडायला गेलो होतो. कन्नडकडून आलेली गाडी लागली आणि तीतून भाऊ उतरले. मग वळून, दोन्ही हातांनी आधार देत, त्यांनी एका म्हाताऱ्याला उतरवलं. रंगनाथदादा. ओळखू येईनात इतके वाळले होते. वर्षापूर्वी त्यांची बायको गेली होती. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "परवा त्यानंच फोन केला. म्हणाला, भान्या, तुला व्हतं तसं मला व्हतंय. रफिक, ऐंशीच्या घरातला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काही सांगतोय. मी काल रात्रीच जाऊन राहिलो."

एवढ्यात देवगावचाच एक माणूस, पांढरी टोपी, हातात पिशवी, दादांसमोर थांबला. "काय रंगनाथराव, शहरात कुणीकडं?"

भाऊ काही बोलले नाहीत. मी बघितलं, ते मुद्दामच बोलले नाहीत.

दादांनी काठी टेकवली, श्वास घेतला आणि स्टँडवरच्या गोंगाटात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डाक्टरकडं चाललो. मालकीण गेल्यापून मन बरं नाय माझं."

टोपीवाला क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "बरं करताय. जाऊन या."

भाऊंनी रिक्षा थांबवली. आधी दादांना बसवलं, त्यांच्या धोतराचा सोगा चाकापाशी लोंबत होता तो उचलून मांडीवर ठेवला, काठी आडवी लावली. मग स्वतः दुसऱ्या बाजूनं चढले, दुखऱ्या गुडघ्याला हातानं उचलून आत घेतलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "समर्थनगर. सावकाश चला, घाई नाही."